औषध नाही, अर्क म्हणा

साळवेसर कुठल्याही समारंभात गोड खाण्याआधी शर्टाच्या खिशातून एक हिरवं पान काढतात, ते सावकाश चावतात, पाण्याने चूळ भरतात आणि मगच समोरचा पदार्थ तोंडात टाकतात. पान गुडमारचं असतं. ते चावलं की बराच वेळ जिभेला गोड कळत नाही. पेढा असो, जिलबी असो, माणूस त्या आनंदाला मुकतो. आपण होऊन असं कुणी का करावं, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. ते म्हणाले, "साखर फार बोलते. ती गप्प बसली की बाकीच्यांचं ऐकू येतं."

ही भेट आर. के. पुरममधल्या आमच्या सेक्टरच्या गणपतीत झाली. माझ्या नवऱ्याची, अमोलची, दिल्लीला बदली होऊन आम्ही नुकतेच पुण्याहून आलो होतो. सर आमच्या समोरच्या दारात राहतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्यांनी ओळख करून घेतली तीच मला एक पान देऊन. अनोळखी ठिकाणी नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी ते चावलं आणि मोदक खाल्ला. ओल्या पिठात लाकडाचा भुसा भरल्यासारखा लागला.

"उकड जाड आहे ना?" सरांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"आणि खोबरं शिळं."

तेही खरं होतं. मोदक करणाऱ्या बाई आमच्या मागेच उभ्या होत्या. त्या आजतागायत मला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत.

डॉक्टर शांतवन साळवे मूळचे नगरचे. झाडपाल्याच्या अर्काने मधुमेहात काही फरक पडतो का, हे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते तरुणपणी दिल्लीला आले आणि आता निवृत्तीला टेकलेत. एकटेच राहतात. लग्न न केलेलं बरं झालं का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "सांगता येत नाही. लग्न केलेला साळवे शेजारी ठेवून बघायला हवा होता."

त्यांचं काम त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. पानं वाळवायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, गाळायची, आटवायची. शेवटी तळाशी काळपट, चिकट असं काहीतरी उरतं. दिसायला काकवीसारखं, पण वासाचा काकवीशी काहीही संबंध नाही. हा अर्क. त्याला कुणी औषध म्हटलं की सर चालता चालता थांबतात. "औषध नाही, अर्क म्हणा. औषध ठरेल तेव्हा ठरेल."

हा अर्क मधुमेह झालेल्या उंदरांना देतात. उंदरांना सर 'मंडळी' म्हणतात. यावरून माझ्या सासूबाईंचा मोठा गोंधळ झाला होता. त्या दिल्लीला आल्या असताना सर जिन्यात भेटले आणि बोलता बोलता म्हणाले की आज जरा उशीर झाला, मंडळींनी कालपासून काही खाल्लेलं नाही. सासूबाईंना वाईट वाटलं. त्यांनी डबा पाठवू का विचारलं. सर म्हणाले, "नको, मीच उपाशी ठेवलंय. आता जाऊन शेपटीतून रक्त काढायचं." सासूबाई घरात येऊन बराच वेळ सोफ्यावर बसून होत्या.

मंडळींचे गट असतात. एका गटाला अर्क, एकाला नेहमीचं औषध आणि एकाला नुसतं पाणी. सरांच्या लेखी पाणीवाले सगळ्यांत महत्त्वाचे. पाणीवाले नसतील तर बाकीच्यांना गुण आला की नाही, हे कळायला मार्गच नाही. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विधानावर सरांचा एकच प्रश्न असतो: "कशाच्या तुलनेत?"

मुलगा क्लासला गेल्यापासून हुशार झाला. कशाच्या तुलनेत? नवीन भाजीवाला स्वस्त देतो. कशाच्या तुलनेत? दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली म्हणून अमोलने हवा शुद्ध करायचं मशीन आणलं आणि खोकला किती कमी झालाय ते सरांना ऐकवलं. सर चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी विचारलं, आज कसं वाटतंय? अमोल म्हणाला, बिल्कुल फ्रेश. सर उठले, त्यांनी मशीनमागचं बटण चालू केलं आणि घरी गेले. ते आदल्या दिवशी जाताना त्यांनीच बंद केलं होतं. अमोल आठवडाभर त्यांच्याशी बोलत नव्हता.

त्यांच्या टेबलावर येणाऱ्या झाडपाल्यापैकी बहुतेकांच्या नशिबी 'लक्षणीय परिणाम आढळला नाही' एवढं एकच वाक्य येतं. ऑफिसात त्यांना 'ना-हरकत'च्या चालीवर 'ना-परिणाम' म्हणतात. एकदा मात्र एका कंपनीचं चूर्ण तपासायला आलं आणि मंडळींची साखर झपाट्याने उतरली. सगळे आनंदात. सरांनी ते चूर्ण आणखी खोलात तपासलं, तेव्हा त्यात मधुमेहाची साधी, दुकानात मिळणारी गोळी कुटून घातलेली निघाली. सरांनी अहवालात लिहिलं की गोळीचा परिणाम चांगला आहे.

असा हा माणूस. आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं वाढलं ते माझ्या बाबांमुळे.

बाबा कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. उभा जन्म गाड्या वेळेवर सोडण्यात गेला. आई गेल्यावर वर्षभर ते कराडला एकटे राहिले आणि मग मी त्यांना जवळजवळ उचलूनच दिल्लीला आणलं. मी सकाळी नोएडाच्या ऑफिसला जायची, अमोल त्याच्या ऑफिसला. बाबा दिवसभर बाल्कनीत बसून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसेस बघायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे की या लोकांना गाडी सोडायची अक्कल नाही. त्यांना जुना मधुमेह. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्या आवाजात.

तरी पार्कात त्यांना एक मित्र मिळाला. खन्नाजी म्हणून एक निवृत्त गृहस्थ. ते एक दिवस कुंडी घेऊन आले. कुंडीत इन्सुलिनचं झाड. रोज सकाळी एक पान खायचं, साखर गायब. खन्नाजींनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "भाईसाहब, गोली छोड़ो, पत्ता खाओ।" बाबांना दिल्लीत आल्यापासून इतक्या आपुलकीने कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना सूचना देत होतो.

त्यांनी गोळ्या सोडल्या. कुणाला बोलले नाहीत. मला एवढंच दिसत होतं की ते वारंवार पाणी पितात, बाथरूमला जातात आणि टीव्ही बघता बघता झोपतात. मला वाटलं, दिल्लीचा उन्हाळा.

शोध लावला साळवेसरांनी. एका रविवारी ते वर्तमानपत्र मागायला आले, बाल्कनीत उभे राहिले आणि म्हणाले, "वैशालीताई, तुम्ही बकरी पाळलीय का?"

झाडाची खालची सगळी पानं गेली होती. एका पानाने गुण येतो तर तीन पानांनी लवकर येईल, असा बाबांनी हिशोब केला होता.

मी चिडले. गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या बाबांच्या उशाशी सापडल्या तेव्हा तर फारच. बाबांनी शांतपणे सांगितलं की गोळ्यांनी पोट बिघडतं, आणि आयुष्यभर खाल्ल्या तरी संपत नाहीत, आणि पान काय, देवाने दिलेलं आहे.

"कण्हेरीचं पानही देवानेच दिलंय," सर म्हणाले. "ते नका खाऊ."

मला वाटलं, आता ते बाबांना फैलावर घेतील. पण सर कठड्याला टेकून उभे राहिले आणि बाबांना बारकाईने विचारू लागले. पान कधी खाता? उपाशीपोटी की चहानंतर? चावून की गिळून? चव कशी लागते? बाबा खुलले. आंबट लागतं म्हणाले. या विषयावर त्यांचं म्हणणं कुणी पहिल्यांदाच ऐकून घेत होतं.

मग सरांनी विचारलं की साखर कमी झालीय का. बाबा म्हणाले, झालीच असणार, अंग हलकं वाटतंय. सरांनी समोरच्या घरातून यंत्र आणलं आणि बाबांचं बोट टोचलं. आकडा फारच वर गेलेला होता. सर म्हणाले की आधी डॉक्टर, मग बाकीचं, आणि त्याच दिवशी ते स्वतः आमच्याबरोबर आले. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, पोटाला सोसतील अशा. बाबांनी त्या घ्यायचं कबूल केलं, पण ज्या सुरात ते कबूल करत होते तो मला कराडपासून ओळखीचा आहे. त्याचा अर्थ, तुमची पाठ वळू दे.

तो सूर सरांनीही ओळखला असावा. जिना चढताना ते म्हणाले, "जाधवसाहेब, तुमचं पान आपण तपासू या."

बाबा थांबले.

"पण नियमाने. गोळ्या बंद करायच्या नाहीत. आमच्याकडे मंडळींवर काही करायचं तर समितीची परवानगी लागते. माणसं कुणालाच विचारत नाहीत. तुम्ही निदान मला विचारा."

नियम म्हटल्यावर बाबांमधला कंट्रोलर जागा झाला. त्यांनी विचारलं, वेळापत्रक काय?

वेळापत्रक असं ठरलं. डॉक्टरांच्या कानावर घालून, रोज सकाळी बाबांनी अर्धी वाटी हिरवा रस प्यायचा. काही आठवडे तो इन्सुलिनच्या पानाचा असेल, काही आठवडे नुसत्या पालकाचा. कधी कुठला, हे बाबांना कळता कामा नये. सरांनाही कळता कामा नये, नाहीतर त्यांची नजर कलेल. म्हणून रस करायचं काम माझ्याकडे आलं. पालक आंबट नसतो, तेव्हा दोन्हीत लिंबू पिळायचं. माझ्या चेहऱ्यावरूनही अंदाज यायला नको, म्हणून वाटी टेबलावर ठेवून मी आत जायचं.

बाबांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते टेबलापाशी बसायचे. सर यंत्र घेऊन यायचे. आधी बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून गरम करायचे, मग बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचे, तिथे कमी दुखतं म्हणून. आकडा नोंदवायचा. मग बाबांनी रस प्यायचा आणि मत द्यायचं. मत सर मागायचे नाहीत, बाबाच द्यायचे. "आज औषध जोरात आहे," ते म्हणायचे.

"औषध नाही, रस म्हणा," सर म्हणायचे.

जोरात असायचा तो पालक. इन्सुलिनच्या पानाच्या आठवड्यांत बाबा कुरकुरायचे की वैशाली हल्ली पाणी घालते. हसू आवरायला मी आत ओट्याशी उभी राहून दातांखाली ओढणी धरायची.

हळूहळू सरांचं काम संपलं तरी ते उठेनासे झाले. बाबा त्यांना सांगायचे, दिवाळीच्या गर्दीत जादा गाड्या कशा सोडायच्या, घाटात गाडी बंद पडली की पुढच्या गाडीत माणसं कशी वाटायची. सर ऐकायचे. मध्येच विचारायचे, जादा गाड्या न सोडलेल्या वर्षी काय झालं? आणि बाबांना आठवायचं, असं एक वर्ष होतं, आणि ते सविस्तर सांगायचे. आई गेल्यानंतर बाबांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या ऑफिसच्या कॅबला उशीर व्हायचा आणि मी दारात चप्पल घालून ऐकत उभी असायची.

पावसाळा सरला तेव्हा सरांनी निकाल सांगितला. त्यासाठी ते रविवारी दुपारी मुद्दाम स्वच्छ शर्ट घालून आले. बाल्कनीत बसून मी आठवडे कुठले कुठले ते उघड केले, त्यांनी आकडे मांडले. बाबांची साखर छान उतरली होती. पण पालकाच्या आठवड्यांत आणि पानाच्या आठवड्यांत काही फरक नव्हता. उतरली होती ती गोळ्यांनी, आणि थोडी त्या रोजच्या शिस्तीने.

"म्हणजे पानात काही दम नाही," बाबा म्हणाले.

"एका माणसावर, इतक्या दिवसांत, मला काही दिसलं नाही. मी एवढंच म्हणू शकतो."

बाबांचा चेहरा पडला. खन्नाजींना तर गुण आला, बाबा म्हणाले. मग जरा ताठरपणे त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला या झाडपाल्याचा एवढा राग का?"

सर म्हणाले की राग नाही. उलट एका झाडाच्या सालीने एकदा खरंच काम केलं होतं. नोकरीची पहिली वर्षं होती. मधुमेह झालेल्या मंडळींना त्या सालीचा अर्क दिला आणि साखर उतरली, पाणीवाल्यांची उतरली नाही. सगळं नियमाने केलेलं. त्यांनी शोधनिबंध लिहिला. तो कुणीतरी नगरच्या एका वर्तमानपत्राला कळवला, आणि नगरच्या सुपुत्राने मधुमेहावर औषध शोधल्याची बातमी आली. उंदीर हा शब्द शेवटच्या ओळीत होता.

सरांची आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. तिलाही साखर होती. तिने बातमी वाचली. झाडाचं नाव बातमीत नव्हतं, पण सरांच्या पत्रांतून तिला ते ठाऊक होतं. तिने बाजारातून ती साल आणली आणि रोज उकळून प्यायला लागली. गोळ्या बंद केल्या. मुलाला सांगितलं नाही. नाताळला तो घरी येईल तेव्हा त्याला रिपोर्ट दाखवायचा, असं तिने शेजारणीला सांगून ठेवलं होतं. सर दर आठवड्याला एसटीडी बूथवरून फोन करायचे, तेव्हा ती तब्येत एकदम छान आहे म्हणायची. नाताळच्या आधीच तार आली. सर पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. पुन्हा आलीही नाही.

हे सगळं ते अहवाल वाचल्यासारखं सांगत होते. मी सरबताचे पेले आणले होते, ते ट्रेमध्येच राहिले.

"ती गोळ्यांना कंटाळली नव्हती," सर म्हणाले. "तिला माझ्यावर विश्वास होता."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. आईला पुरून ते दफनभूमीच्या फाटकाशी आले, तर गल्लीतली माणसं थांबलेली. ती भेटायला थांबलीत असं त्यांना वाटलं. एकेक जण पुढे येऊन हळूच विचारत होता की ती साल कुठल्या झाडाची. कुणाच्या बायकोला साखर होती, कुणाच्या वडिलांना. सर फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला सांगत राहिले, गोळ्या घ्या, गोळ्या सोडू नका. कुणाला पटलं नाही. पोरगा दिल्लीला जाऊन मोठा झाला, आता फुकट सांगत नाही, असं त्यांच्या पाठीमागे लोक बोलले. त्या झाडाचं नाव त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितलेलं नाही. आम्हालाही सांगितलं नाही.

खालून एक बस गेली. बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सरांनी यंत्र डबीत घातलं, चष्मा पुसला आणि उठून उभे राहिले. प्रयोग संपला, म्हणाले. जाधवसाहेबांनी उत्तम सहकार्य केलं. आता महिन्यातून एकदा लॅबमध्ये साखर तपासली की पुरे.

"म्हणजे उद्या तुम्ही येणार नाही," बाबा म्हणाले.

"मोजायचं काही उरलं नाही."

"मोजायला नका येऊ. असेच या."

सरांनी यावर खरोखर विचार केला. काही चुकत असेल तर आधीच विचारून घ्यावं, तसं त्यांनी विचारलं, "असंच येऊन काय करायचं असतं?"

"बसायचं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. सर रिकाम्या हाताने उभे होते आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. बाबा दाढी करून टेबलापाशी बसलेच होते. त्यांनी समोरची खुर्ची पायाने मागे सरकवली. सर येऊन बसले. मी दोघांना बिनसाखरेचा चहा दिला आणि ऑफिसला निघून गेले.